जवसाचं पाणी आणि मायाबाईचे हात

मायाबाईच्या हातातली रोटी पहिल्यांदा फाटली तेव्हा तिने पिठाला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा फाटली तेव्हा गिरणीवाल्याला. नंतर फाटतच राहिली तेव्हा शिव्या घालायला कुणी उरलं नाही. नागपुरात इंदोऱ्याच्या रस्त्यावरच्या तिच्या भट्टीवर, घरचं मटण शिजत ठेवून रोट्या न्यायला येणारी गिऱ्हाइकं जुनी होती, तोंडावर काही बोलायची नाहीत. पण एक दिवस एकाने विचारलंच, "काय मायाबाई, आजकाल रोट्या जाड्या करून राहिल्या तुम्ही?"  जाडी केली की फाटत नाही, हे त्याला काय सांगणार?

लंबी रोटी ही पोळपाटावर लाटायची चीज नव्हे. लोकवन गव्हाचं पीठ इतकं सैल भिजवायचं की नवख्या माणसाला वाटावं, बिघडलं. मग ते परातीत आपटत, ओढत, झोडत राहायचं, तार धरेपर्यंत. मग पिठाचा उंडा, म्हणजे गोळा, हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलत लांबवायचा, पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, आणि रोटी ओढणीसारखी पातळ झाली की विस्तवावरच्या पालथ्या मडक्यावर एका झोक्यात पसरायची. मधे थांबायला जागा नाही. हात जरा रेंगाळला की पीठ स्वतःच्या वजनाने खाली येतं आणि मधोमध भोक पडतं. पाहणारे मोबाईल काढून व्हिडिओ करतात. करणाऱ्या बाईचे खांदे संध्याकाळी कसे ठणकतात ते काही त्या व्हिडिओत येत नाही.

मायाबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला मडक्यासमोर बसवलं, ती तिथून उठलीच नाही. नवरा धम्मानंद आधी रिक्षा चालवायचा, आता एका सोसायटीत चौकीदार आहे. पोरगा बुटीबोरीच्या कारखान्यात लागला. सून गुंजन भट्टीवर हाताखाली असते. पीठ भिजवते, लाकडं सारते, रोट्यांच्या घड्या घालते. पण मडक्यासमोर मायाबाई. घरात आपला शब्द चालतो तो या हातांच्या जोरावर, असं तिचं पक्कं मत होतं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं.

तिला थायरॉइड होतं. चार-पाच वर्षांपूर्वी आवाज घोगरा झाला, तोंडावर सूज आली, केस झडू लागले, तेव्हा तपासणीत निघालं. दवाखान्यातल्या पहिल्या डॉक्टरने समजावून सांगितलं की गळ्यातली एक ग्रंथी आळशी झाली आहे, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, आयुष्यभर. घरी येईपर्यंत त्यातला 'आळशी' तेवढा शब्द शिल्लक राहिला. बाई दुपारी भिंतीला टेकली की धम्मानंद म्हणायचा, "तुह्या गळ्यातला आळस अंगात उतरला वं." तो हसून म्हणायचा, पण म्हणायचा. मे महिन्यात सगळं नागपूर भाजून निघत असायचं आणि ही बाई विस्तवासमोर बसून सुनेला सांगायची, "गुंजन, माही शाल दे वं." गुंजन बिचारी शाल आणून द्यायची.

त्यात गेल्या वर्षी रक्त तपासलं तर कोलेस्ट्रॉल वाढलेलं निघालं. थोडंथोडकं नाही, चांगलंच. मग काय, घरातल्या प्रत्येकाला डॉक्टरकी सुचली. तर्री बंद, मटण बंद, भजी तर नावालाही नाही. बाईने तक्रार केली नाही. वर्षभर तिने दोडकं, दुधी आणि फिक्कं वरण खाल्लं. शेजारी कुणी रोट्यांसोबत खात असलेल्या रश्श्याचा वास यायचा तेव्हा ती तोंड फिरवून बसायची. आणि एवढं करून पुन्हा रक्त तपासलं तर आकडा जिथल्या तिथे, उलट जरा वरच. "चोरून खात असशीन," धम्मानंद म्हणाला. त्या दिवशी मायाबाई जेवलीच नाही. माणसाने खाल्लं असतं तर निदान चव तरी मिळाली असती.

डॉक्टरांनी मग चरबीची गोळी दिली. ती सुरू झाली आणि दंड असे दुखायला लागले की न्हाताना डोक्यावर तांब्या धरवेना. आधीच रोटी फाटत होती, आता उंडाच पेलवेना. तिने ती गोळी कुणालाही न सांगता बंद केली. दुखणं कमी झालं, पण गेलं नाही. थायरॉइडची गोळी तेवढी चालू होती आणि तिचा डोस दर तपासणीला वाढत होता. फरक काडीचा नाही.

ऐन पावसाळ्यात धम्मानंद एकदा समोर बसून नीट बोलला. "दसऱ्याले दीक्षाभूमीची गर्दी येते. गावोगावचे लोकं आपल्या भट्टीवर येते. त्यायले फाटक्या रोट्या देऊन नाव घालवतं का? दसऱ्यापासून गुंजन बसन मडक्यावर. तू घरी राय. आराम कर."

"आराम," मायाबाई म्हणाली. तिला त्या शब्दाची भीती वाटली. तिने सासूला असाच आराम करायला लावलेलं पाहिलं होतं. मडक्यावरून उठल्यावर म्हातारीला घरात कुणी भाजी कोणती करू हेही विचारलं नाही. आपलंही तेच होणार. हात गेले की बाई गेली. दसऱ्यापर्यंत हात परत यायला हवेत, एवढंच तिला सुचत होतं, आणि ते कसे आणायचे हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

आता यात जवस कुठून आला ते सांगायला हवं.

मायाबाईची थोरली बहीण तुळसाबाई पारशिवनीजवळच्या खेड्यात राहते. दोघींच्या मधला भाऊ कवडू. तो ऐन उमेदीत छातीत कळ येऊन गेला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलाही होता. त्याच्या रक्तात चरबी होती हे नंतर कळलं. तेव्हापासून तुळसाबाईने चरबी या शब्दाशी वैरच धरलं. धाकटीचा रिपोर्ट तिने फोनवर ऐकला आणि ती कामालाच लागली. गावात कुणीतरी तिला सांगितलं की जवसाने चरबी उतरते. जवस तर तिच्या वावरातलाच. ती तो मंद आचेवर भाजायची, खलबत्त्यात कुटायची, डब्यात भरायची आणि नागपूरच्या बसमध्ये ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायची. "सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात दोन चमचे," असा हुकूम होता. आणि रोज सकाळी फोन.

"घेतलं का वं?"

"घेतलं, ताई."

घेतच होती. खोटं काही नव्हतं. उठायचं, भट्टीची लाकडं पाहायची, चहाचं आधण ठेवायचं, आणि गोळी जवसाच्या त्या बुळबुळीत पाण्यासोबत एका घोटात गिळून टाकायची. दोन्ही उपाशीपोटीच घ्यायचं होतं ना, मग दोनदा कशाला? आधी गोळी, मग थांबा, मग जवस, मग पुन्हा थांबा, आणि चहा केव्हा? अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. एका घोटात दोन कामं उरकतात याचंच बाईला सकाळी सकाळी केवढं समाधान वाटायचं. दिवसभरात उरकल्यासारखं वाटणारं तेवढं एकच काम होतं.

हे बाहेर आलं ते दवाखान्यात नव्या आलेल्या डॉक्टर श्वेता यांच्यामुळे. त्यांनी काही मोठा शोध लावला असं नाही. कागद पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या आणि डोस वाढवायच्या आधी विचारलं, "मायाबाई, सकाळी उठल्यापासून काय काय करता? सगळं सांगा मला."

मायाबाईने सांगितलं. लाकडं, आधण, गोळी, जवस.

"जवस? गोळीबरोबर?"

"हो जी. त्याच पाण्यानं गिळते मी."

"किती दिवसांपासून?"

"चरबी निघाली तवापासून जी. बहीण पाठवते माही."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत, यासाठी मायाबाईने त्यांना मनातल्या मनात आशीर्वाद दिला. त्यांनी सांगितलं की जवसाचा चिकट कोंडा पोटात गोळीला धरून ठेवतो, रक्तात नीट उतरूच देत नाही. डोस वाढवला तरी बराचसा तसाच बाहेर जातो. आणि थायरॉइड कमी पडलं की लिव्हर रक्तातलं कोलेस्ट्रॉल उचलत नाही.

"म्हंजे मी तेल सोडलं ते?"

"तेल कमी केलं ते चांगलंच. पण गल्लीत घंटागाडीच आली नाही, तर घरात कचरा कमी करून किती फरक पडेल? आधी गाडी सुरू करू."

"अन् हात जी? चरबीच्या गोळीनं तं उचलवतच नव्हते, म्हणून बंद केली मी थे."

"थायरॉइड कमी असलं की स्नायू असेच दुखतात. त्यात ती चरबीची गोळी अशा वेळी काहींना जास्त बाधते. तुम्ही ती बंद केली ते ठीक, पण मला सांगायला हवं होतं. आता पहाटे फक्त थायरॉइडची गोळी, साध्या पाण्यासोबत. तासभर चहासुद्धा नाही. जवस रात्री जेवणात खा, चटणी करून खा, तो वाईट नाही. दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासू. चरबीच्या गोळीचं तेव्हा ठरवू."

बाहेर येऊन मायाबाई बाकावर बसली. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वर्षभर खाल्लेलं दोडकं तिला आठवलं, 'चोरून खात असशीन' आठवलं, शाल आठवली. इतकं सगळं कष्टाने केलं आणि सगळ्यावर पाणी पडलं, तेही बहिणीने प्रेमाने पाठवलेल्या दोन चमच्यांनी. तिला त्या क्षणी फक्त झोपावंसं वाटलं, तिथेच, बाकावर.

घरी तिने धम्मानंदला सांगितलं.  तो म्हणाला, "तुळसाताईले नको सांगू. थे मरन ऐकून."

मायाबाईलाही ते पटलं. तुळसाबाईला अजून वाटायचं की आपण कवडूच्या मागे लागलो असतो तर तो वाचला असता. आता तिला कसं सांगायचं की बाई, तुझ्या जवसाने माझी गोळी अडवली? नकोच ते. फोन येत राहिला. "घेतलं का वं?" "घेतलं, ताई." जवस ती घेतच होती, रात्री, भाताबरोबर चटणी म्हणून. शब्द खोटा नव्हता, पण फोन ठेवल्यावर दरवेळी तिला बोलल्याचाच थकवा यायचा.

गोळीनंतरचा तो बिनचहाचा तास फार जड जायचा. चुलीवर आधण दिसायचं आणि पिता यायचं नाही. पण हळूहळू, म्हणजे अगदी चीड आणणाऱ्या हळूपणाने, काहीतरी बदलत गेलं. एक दिवस गुंजनच्या लक्षात आलं की आईंनी शाल मागितली नाही. आवाजाची घोगरी किनार गेली. रोटी फाटायची, पण रोजच्यापेक्षा कमी. मायाबाईने कुणाला काही बोलून दाखवलं नाही. ती दसऱ्याकडे डोळे लावून होती.

दसऱ्याच्या आधी रक्त तपासलं. थायरॉइड जागेवर आलं होतं. कोलेस्ट्रॉल बरंच उतरलं होतं, पण पूर्ण नाही. डॉक्टरांनी चरबीची गोळी लहान डोसात पुन्हा लिहून दिली आणि बजावलं, हात दुखले तर बंद करायची नाही, आधी यायचं. मायाबाईने मान डोलावली. बरं वाटणं म्हणजे काही पूर्वीसारखं होणं नव्हे, हे तिला त्या कागदावरून कळलं.

दसऱ्यासाठी तुळसाबाई आली. दरवर्षी ती दीक्षाभूमीवर जायला येते, दोन दिवस आधी पोहोचते. या वेळी जवसाचा मोठा डबा घेऊनच आली. दसऱ्याच्या आदल्या सकाळी मायाबाई गोळी घेऊन तोंड पुसते न पुसते तोच तुळसाबाई स्वयंपाकघरातून ग्लास घेऊन आली. कोमट पाणी, वर पूड तरंगत असलेली.

"घे. आज माह्या हातानं घे."

मायाबाईने ग्लास हातात घेतला. एका दिवसाने काय बिघडतं, असं तिच्या मनात आलं. बहीण इतक्या दुरून आली आहे. प्यावं, हसावं, संपलं. पण उद्या दसरा, उद्या मडकं, आणि हे हात किती कष्टाने परत आले होते. तिने ग्लास खाली ठेवला.

"ताई, गोळीसंग नाई चालत हे."

"काय नाई चालत?"

मायाबाईने सांगितलं. डॉक्टरांनी जसं सांगितलं तसंच. तुळसाबाई ऐकता ऐकता खाली बसली.

"म्हंजे वर्षभर तुही गोळी मीच खाल्ली ना."

"तू नाई वं. मीच एका घोटात उरकलं. दोनदा उठाचा कंटाळा आला मले. जीवच नव्हता अंगात."

"अन् कळलं तवा सांगितलं काहून नाई? फोनवर रोज 'घेतलं, घेतलं' करून राहिली!"

"तुले वाईट वाटन म्हणून. कवडूचं आठवन म्हणून."

आता ताई रडणार, असं मायाबाईला वाटलं. पण तुळसाबाई रागावली. असा राग मायाबाईने लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"कवडूनं बी हेच केलं! छातीत दुखून राहिलं तं बोलला नाई, ताईले घोर नको म्हणून. त्याच्या बायकोनं सांगितलं मले मातीच्या दिवशी. तुम्ही दोघंबी मले जपता अन् मरता. दुखते तं सांगा ना रे बापा! थकलं तं थकलं म्हणा! मी काय काचेची हाये का?"

 मायाबाईचे डोळे भरून आले आणि ती ते पुसायचंही विसरली. तुळसाबाईने ग्लास उचलला, एका दमात स्वतःच पिऊन टाकला आणि तोंड वाकडं करत म्हणाली, "माह्या वावरातला जवस, फेकाचा नाई." मग दोघी हसल्या, पण हसण्यात जोर नव्हता.

दसऱ्याला पहाटेपासून रस्ता वाहायला लागला. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, खांद्यावर झोपलेली लेकरं. जो येई तो "जय भीम, मायाबाई" म्हणे आणि रोट्या मागे. मडक्यावर गुंजन बसणार की मायाबाई, हे धम्मानंदने आदल्या रात्रीपर्यंत नक्की केलं नव्हतं, ते सकाळी आपोआप ठरलं. मायाबाई पदर खोचून मडक्यासमोर बसली. तुळसाबाई मागच्या बाजेवर बसून पाहत होती.

पहिला उंडा हातावर चढला. मनगट, कोपर, झोका. रोटी मडक्यावर पसरली, पातळ, अख्खी. दुसरी तशीच. तिसरी. गुंजन घड्या घालत होती, तिच्या चेहऱ्यावर मनापासूनचं हसू होतं. धम्मानंद गिऱ्हाइकांना उगाच मोठ्याने सांगत होता, "पाहा, पाहा, अशी रोटी अख्ख्या नागपुरात भेटणार नाई." जणू फाटक्या रोट्यांचा विषय त्याने कधी काढलाच नव्हता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हाही हात चालत होते. दुखत नव्हते. मायाबाईने मुद्दाम तपासून पाहिलं, दंड, मनगट, खांदे. कुठे कळ नाही. वर्षभर तिला हेच हवं होतं. आणि तरी तिला वाटत होतं की आता बसवत नाही. हे थायरॉइडचं नव्हतं. हा सासूने मडक्यासमोर बसवलं त्या दिवसापासूनचा थकवा होता, आणि त्यावर कुणाकडेच गोळी नव्हती. इतके दिवस तो सांगायची सोय नव्हती. दुखऱ्या हातांनी उठली असती तर लोक म्हणाले असते, बाई संपली. म्हणून ती बसून राहिली होती, दात आवळून.

हातातली रोटी तिने मडक्यावर टाकली, हात धुतले आणि उठली.

"गुंजन, बस वं माह्या जागेवर. मी ऊन कललं की येते."

गुंजन गोंधळून सासऱ्याकडे पाहायला लागली. धम्मानंद धावत आला. "काहून उठली? हात दुखून राहिले का?"

"नाई दुखत," मायाबाई म्हणाली. "दुखत असते तं उठली नसती मी. थकली मी जी."

 गिऱ्हाइकं थांबलेली होती. मागे तुळसाबाईने बाजेवर सरकून जागा केली, आणि मायाबाई तिच्या शेजारी जाऊन पाय लांब करून बसली. गुंजनने पदर खोचला आणि उंडा उचलला.